घाटपायथ्याची औषधपरीक्षा

बोरघाटाच्या पायथ्याशी पसरलेला कर्जत-खालापूरचा मुलूख, जो एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ ठाणे जिल्ह्याच्या आणि पुढे कुलाब्याच्या दफ्तरात नोंदला जात असे, तो इतिहासकारांच्या लेखी केवळ वाटेवरचा मुलूख ठरला आहे. खोपोलीचा नाना फडणविसांचा तलाव काय, १८३० साली खुला झालेला गाडीरस्ता काय किंवा १८६३चा लोहमार्ग काय, या सर्वांची आठवण निघते ती पुण्यास वा मुंबईस जाणाऱ्यांच्या संदर्भात. परंतु ज्या वाटेने माणसे आणि माल जातात त्याच वाटेने रोगही जातात, आणि रोगांच्या मागोमाग, पुष्कळदा फार उशिरा, इलाज येतात. अशा नव्या, अद्याप सिद्ध न झालेल्या इलाजाने रोगी खरोखर बरा झाला की तो एरवीही बराच होणार होता, हा वैद्यकातील सर्वांत अवघड प्रश्न या घाटावर एकदा आणि याच जिल्ह्यात पुन्हा एकदा विचारला गेला, त्याची ही हकीकत आहे.

या मुलखाचे स्वतःचे असे एक औषध होते, ते म्हणजे कात. खैराच्या गाभ्याचे बारीक तुकडे उकळून, तो काढा आटवून कात पाडणे हा येथील कातकऱ्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि त्यावरूनच त्यांच्या जमातीस नाव पडले. पुढे वनखात्याच्या निर्बंधांनी हा धंदा बसला. कातातील कषायद्रव्य आतड्याच्या अंतस्त्वचेवरील प्रथिने साकळवून तिला आवळते, म्हणून अतिसारात त्याचा उपयोग होतो, ही उपपत्ती फार पुढची. पण गुण मात्र अनुभवाने ठाऊक होता, आणि युरोपीय औषधिसंग्रहांतही काताला स्थान मिळाले होते. अनुभवाची ही परीक्षा सौम्य रोगात पुरते. महामारीत ती सपशेल अपुरी पडते, याचा प्रत्यय घाटाच्या बांधकामात आला. १८५६ साली सुरू झालेल्या त्या कामावर १८६१च्या सुमारास ४२ हजारांवर मजूर राबत होते, पंचवीस बोगदे खोदले जात होते, आणि पटकी व ताप यांनी किती माणसे गेली याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. मक्ता त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुरा करवला. मक्तेदाराचे नाव राहिले, मेलेल्या मजुरांची गणतीही झाली नाही. आणि जेथे मेलेल्यांची गणती नाही तेथे औषधाची परीक्षा संभवतच नाही.

गणती करणारा माणूस आला तो १८९६च्या शरदात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवल्यावर. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला, पटकीच्या लसीसाठी आधीच हिंदुस्थानात काही वर्षे हिंडलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्याने जी लस सिद्ध केली तिची कृती पाहण्याजोगी आहे. बकऱ्याच्या मांसाच्या रसाने चंबू भरावेत, त्यावर तुपाचे थेंब तरंगते सोडावेत, आणि त्यात प्लेगचे जंतू पेरून चंबू मुळीच न हलवता ठेवावेत, म्हणजे त्या तुपाच्या थेंबांखालून जंतूंची वाढ वडाच्या पारंब्यांसारखी रसात लोंबू लागते. मग चंबू हलवून ती खाली पाडावी, पुन्हा नवी वाढ येऊ द्यावी, आणि अखेरीस सर्व द्रव उष्णतेने निर्जीव करावा. जंतूंची मृत शरीरे आणि त्यांनी रसात सोडलेले विष ही दोन्ही लसीत असावीत असा त्याचा आग्रह होता. एकाने रोग टळेल, दुसऱ्याने रोग झाल्यास मृत्यू टळेल, असे त्याचे अनुमान होते. शरीरात त्या लसीने नेमके काय घडते याविषयी त्या काळचे ज्ञान तुटपुंजेच होते. दंड सुजतो, एक-दोन दिवस ताप येतो आणि पुढे रक्तात जंतूंना प्रतिकार करणारी द्रव्ये उत्पन्न होतात, एवढाच पडदा तेव्हा उचलला गेला होता. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने मोठी मात्रा स्वतःस टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना टोचले. ते कैदी स्वेच्छेने पुढे आले होते असे नमूद आहे. तुरुंगातील स्वेच्छेचे मोल किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

रोग लोहमार्गाने पसरत होता, आणि ज्या कर्जतला चढणीसाठी गाडीस जादा इंजिने जोडीत त्याच्या वरचे, घाटमाथ्यावरचे लोणावळे १८९७ सालीच प्लेगच्या तडाख्यात सापडले. तेथे हाफकिनने टोचून घेतलेले आणि न घेतलेले असे एकाच गावातले दोन वर्ग धरून त्यांतील आजारी व मृत यांची तुलना केली. पण येथेच टीकाकारास जागा मिळाली, आणि ती अन्याय्य नव्हती: जो टोचून घेण्यास पुढे येतो तो बहुधा अधिक सावध, कदाचित अधिक सुस्थितीतला, तेव्हा तो वाचला तो लसीने की आपल्या सावधपणाने? या आक्षेपाचे उत्तर पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा गावी दिले गेले. तेथे प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग पाडून निम्म्यांस टोचले. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि २६ दगावले. एकाच चुलीवर जेवणाऱ्यांत हा फरक पडल्यावर सावधपणाची सबब उरली नाही.

तरीही सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनचा अध्यक्ष सहजी मान डोलावणारा नव्हता. एडिंबरोचे टॉमस फ्रेझर हे, माझ्या मते, औषध शरीरात कसे वागते या शास्त्राच्या आद्य आचार्यांपैकी एक. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे झटके आणणारे विष, पण त्याच्या रेणूस मिथिल गट जोडला की तेच द्रव्य झटके आणण्याऐवजी स्नायू लुळे पाडते, हे त्यांनी आणि क्रम ब्राउन यांनी १८६८ साली दाखवून दिले होते. रेणूची घडण बदलली की क्रिया बदलते हे ज्याने सिद्ध केले, त्याला प्रत्येक चंबूतील लसीचे बल निरनिराळे असू शकते ही गोष्ट खटकणे स्वाभाविकच होते. कमिशनने मात्रेच्या अनिश्चितीवर आणि आकड्यांच्या शिथिलतेवर बोट ठेवले, पण निवाडा लसीच्याच बाजूने दिला: संरक्षण संपूर्ण नाही, टोचल्यावर पहिले काही दिवस ते फारसे लाभतही नाही, तथापि रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात. अशा रीतीने प्लेगच्या लसीचा गुण आधी मोजला गेला आणि उमगला मागाहून.

याच्या नेमके उलट घडले ते याच कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, विंचवाच्या बाबतीत. भाताच्या पेंढ्यात, सरपणात आणि कुडाच्या भिंतीत दडणारा लाल विंचू कोकणातील शेतकऱ्यास आणि आदिवासी मजुरास नवा नाही. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर काय किंवा महाडच्या खेड्यांत काय, विंचू उतरवणाऱ्याची ख्याती टिकून राहिली ती काळ्या विंचवाच्या जोरावर, कारण तो चावला की वेदना असह्य होतात पण माणूस बहुधा मरत नाही, आणि श्रेय मंत्राला जाते. लाल विंचवापुढे मंत्र हरत असे, आणि सरकारी दवाखानाही हरत असे. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसून जे पाहत होते ते असे: दंश झाल्यावर घामाचे पाट, उलटी, थंडगार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि मग फुप्फुसात पाणी भरून ओठांवर येणारा गुलाबी फेस. विषाने मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे उघडीच राहतात, शरीर अ‍ॅड्रिनलिनसदृश द्रव्यांचा पूर सोडते, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा भार पेलवेनासा होतो. तेव्हा रक्तदाबासाठी प्रचारात आलेले प्राझोसिन हे औषध त्या द्रव्यांची रक्तवाहिन्यांवरील आसने अडवून वाहिन्या सैल करते, म्हणून ते येथे लागू पडावे, हा तर्क त्यांनी बांधला, आणि तो खरा ठरल्याचे १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले. औषधाची गोळी साधी, स्वस्त आणि आडगावच्या दवाखान्यातही देता येण्याजोगी होती. मृत्यू झपाट्याने उतरले.

पण प्राझोसिन विषाला स्पर्शही करीत नाही, केवळ त्याचा परिणाम अडवते. रक्तात फिरणारे विष बांधून टाकण्याचे काम प्रतिविषाचे. म्हणून बावस्करांनी आपल्याच यशस्वी औषधाची परीक्षा पुन्हा मांडली, ही गोष्ट मला त्यांच्या पहिल्या शोधाइतकीच मोठी वाटते. महाडला ७० रोगी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले, आणि २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आला: दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८, प्रतिविषाची जोड दिल्यावर ३५ पैकी ३२. उंढेऱ्यास निम्म्या घराला काहीच मिळाले नव्हते. महाडच्या सत्तरांतील प्रत्येकास प्राझोसिन मिळाले होते.