हेल्पडेस्कचा टिकेट एपीआय पोस्टमनमध्ये कसा तपासायचा?

समजा, मीरा-भाईंदरमधल्या मुर्धा गावातून कुणी मराठीत पाण्याची तक्रार पाठवली आणि हेल्पडेस्कवर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. तिकीट तयार झालं, पण तक्रार पोहोचलीच नाही. म्हणून नमुना मजकूर मराठीतच घ्या. इथे उदाहरण फ्रेशडेस्कच्या एपीआयचं (आवृत्ती २) आहे. तपासणी ट्रायल खात्यावरच करा.

१. ऑथ: बेसिक ऑथ निवडा. युजरनेमच्या जागी एपीआय की टाका. पासवर्डमध्ये कोणतंही अक्षर चालतं.

२. तिकीट बनवा: पोस्ट रिक्वेस्टच्या बॉडीत जेसन लिहा: ईमेल, विषय, वर्णन, स्टेटस २ (ओपन), प्रायॉरिटी ३ (हाय). जेसनमध्ये हे आकडे इंग्रजीच टाका, देवनागरी आकडा चालत नाही.

३. परत वाचा: २०१ कोड आला म्हणजे तिकीट बनलं, एवढंच कळतं. उत्तरातला आयडी घेऊन गेट रिक्वेस्ट पाठवा आणि मजकूर अक्षरशः जुळवून पाहा.

४. मुद्दाम चुका करा: की चुकवली तर ४०१, ईमेल चुकीच्या स्वरूपात दिला तर ४००, नसलेला आयडी मागितला तर ४०४ यायला हवा. ४२९ म्हणजे रिक्वेस्टची मर्यादा संपली. किती सेकंद थांबायचं ते 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये असतं.

लांब मजकूरही तपासा: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'मुर्धा' या शब्दात काना, उकार, हलन्त धरून ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. तुमचं अ‍ॅप बाइट मोजून मजकूर कापत असेल, तर इंग्रजी तक्रार पूर्ण जाईल आणि मराठी अर्धवट राहील.