कुमारवयीन मनोव्यथा : ओळख आणि साक्ष

मनोव्यथेच्या इतिहासात तिची कारणे आणि तिच्यावरील उपचार यांची चर्चा प्रायः केली जाते. त्या व्यथेची पहिली वार्ता कोणी दिली, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रौढ मनुष्य आपले दुखणे बहुधा आपल्याच तोंडाने सांगतो. कुमारवयातील मुलामुलींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या वतीने शिपाई बोलतो, शिक्षक बोलतो किंवा आईबाप बोलतात. आणि बोलणाऱ्यास जे खुपते तेच दुखणे म्हणून नोंदले जाते. कुमारांच्या व्यथेची ओळख विसाव्या शतकात कशी पटत गेली हे समजून घ्यावयाचे, तर साक्षीदार कसा बदलत गेला हे पाहणे अगत्याचे ठरते.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा प्रवाह रुग्णालयातून नव्हे, तर न्यायालयातून निघाला. अमेरिकेत शिकागो येथे १८९९ साली अल्पवयीनांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. त्याच शहरात १९०९ साली विल्यम हीली यांच्या नेतृत्वाखाली, न्यायालयापुढे येणाऱ्या मुलांच्या शारीरिक, मानसिक व कौटुंबिक परिस्थितीची तपासणी करणारी संस्था निघाली. गुन्ह्याचे मूळ प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र चरित्रात शोधले पाहिजे, ही भूमिका हीली यांनी १९१५ साली ‘द इंडिव्हिज्युअल डेलिंक्वंट’ या ग्रंथात मांडली. शिक्षेच्या जागी समजुतीस स्थान देणारे हे पाऊल होते, यात संशय नाही. तथापि त्याची मर्यादाही उघड आहे. या दारात तोच मुलगा येई, ज्याच्यामुळे दुसऱ्या कोणास उपद्रव झालेला असे. ज्याचा उपद्रव केवळ स्वतःलाच होता, त्याच्यासाठी तेथे फिर्यादी नव्हता.

दरम्यान १९०४ साली जी. स्टॅन्ले हॉल यांचा ‘अ‍ॅडोलेसन्स’ हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. कुमारवय हा वादळाचा व तणावाचा काळ होय, ही कल्पना त्या ग्रंथामुळे सर्वत्र रूढ झाली. तिने या वयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. परंतु तिच्यात एक धोकाही दडलेला होता. वादळ हाच वयोधर्म मानला, म्हणजे खरोखर बुडत असलेल्या मुलाविषयीही ‘वय सरले की निवळेल’ असे म्हणून स्वस्थ बसता येते.

१९२२ पासून कॉमनवेल्थ फंड या न्यासाच्या साहाय्याने अमेरिकेत बालमार्गदर्शन केंद्रे निघू लागली आणि न्यायालयाबरोबरच शाळाही साक्षीदार झाली. ही साक्ष कितपत विश्वसनीय आहे, याचा शोध ई. के. विकमन यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घेतला. त्यांनी वर्तनाचे ५० प्रकार ५११ शिक्षकांपुढे व ३० मानसतज्ज्ञांपुढे ठेवून त्यांचे गांभीर्य ठरविण्यास सांगितले. शिक्षकांनी चोरी, लैंगिक गैरवर्तन, खोटे बोलणे, शाळा चुकविणे यांस वरचे स्थान दिले. तज्ज्ञांच्या यादीत एकलकोंडेपणा, संशयी वृत्ती, खिन्नता आणि भित्रेपणा हे अग्रभागी होते.

या निष्कर्षावर पुढे योग्य आक्षेप घेण्यात आला. वर्तन आज किती अनिष्ट आहे, हे शिक्षकांस विचारले होते. तज्ज्ञांस मात्र मुलाच्या भावी मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने विचार करण्यास सांगितले होते. १९५२ साली स्टाउफर यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दोन्ही याद्यांतील अंतर बरेच कमी झालेले दिसले. तेव्हा विकमन यांच्या आकड्यांवरून शिक्षकवर्गास अज्ञानी ठरविणे न्याय्य नव्हे. पण एवढे खरे की, वर्ग सांभाळणे हे ज्याचे कर्तव्य, त्याच्या दृष्टीस वर्ग मोडणारा मुलगा आधी पडतो. मागच्या बाकावर मुकाट बसणारी मुलगी त्रास देत नाही, म्हणून ती शहाणी ठरते.

प्रत्यक्ष कुमारांची साक्ष पद्धतशीरपणे घेतली गेली ती इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर. मायकेल रटर व त्यांचे सहकारी यांनी तेथे १९६४-६५ पासून एका विशिष्ट वयोगटातील मुलांची पाहणी केली होती. तीच मुले चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर त्यांचा पुन्हा अभ्यास झाला. पालक व शिक्षक यांच्या माहितीबरोबरच निवडक मुलामुलींच्या स्वतंत्र मुलाखती घेण्यात आल्या. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दोन निष्कर्ष आढळतात. आईबापांपासून पूर्ण दुरावा ही या वयाची सार्वत्रिक अवस्था नाही, हा पहिला. त्याने हॉल यांच्या वादळाला मर्यादा पडली. दुसरा अधिक मननीय आहे : उदासी व आत्मावहेलना यांनी ग्रासलेली कित्येक मुले अशी होती, की त्यांच्या यातनांचा पत्ता घरी वा शाळेत कोणासच नव्हता. विचारल्यावर मुलांनी ते सांगितले. तोवर तसे कोणी विचारलेच नव्हते.

साक्षीदाराचे हेच स्थित्यंतर मुंबईतही एका संस्थेच्या इतिहासात पाहावयास मिळते. १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय स्थापन झाले आणि १९३७ साली त्याने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. वैद्य, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता यांनी एकत्र विचार करावा, ही या चळवळीची पद्धती. परंतु अशा केंद्रात मुलास आणणारा हात वडीलधाऱ्यांचाच असे. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने प्रसिद्धीस आलेल्या याच संस्थेतून १९९६ साली ‘चाइल्डलाइन’चा प्रयोग सुरू झाला. १०९८ हा क्रमांक फिरविण्यास मुलाला कोणाची चिठ्ठी लागत नव्हती. उंबरठा ओलांडण्याचा निर्णय प्रथमच मुलाच्या हाती आला.

हे स्थित्यंतर अद्याप पुरे झालेले नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू झाली आणि १४४१६ या क्रमांकावर कोणासही बोलता येऊ लागले. तथापि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वये अज्ञान मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी सामान्यतः त्याचा पालकच असतो. त्यात संरक्षणाचा हेतू आहे व तो योग्यही आहे. मात्र ज्या घरातच व्यथेचे मूळ असेल, तेथे साक्षीदार आणि पक्षकार एकच होतात.

यावरून आधार देण्याच्या कार्याचा क्रम स्पष्ट होतो. झोप, भूक, अभ्यास व मैत्री यांत पडलेला फरक शिक्षकाने व पालकाने टिपावा, परंतु त्यावरून निवाडा देऊ नये. तो फरक म्हणजे विचारपूस करण्याचे निमित्त होय. मुलास एकांतात, दरडावणीवाचून विचारावे, जीव नकोसा होतो का हेही आडपडदा न ठेवता विचारावे, आणि धोका दिसल्यास त्यास एकटे न सोडता तज्ज्ञाकडे पोचवावे. न्यायालयाने उपद्रव पाहिला, शाळेने वर्तन पाहिले, घराने आज्ञापालन पाहिले. दुःख मात्र ज्याचे त्याने सांगितल्यावरच दिसले. त्याला ते सांगता येईल अशी जागा निर्माण करणे, ही उपचाराची पहिली पायरी होय.