पुराण मागणारे ख्रिस्ती

स्नानसंस्काराचें पाणी कपाळावरून ओघळावयास एक क्षण पुरतो. परंतु ज्या श्रद्धेंत मनुष्याचा त्या क्षणीं जन्म होतो, तिच्यांत तो प्रौढ केव्हां झाला, याची नोंद धर्मग्रामाच्या वहींत सांपडत नाहीं. संत पौलानें करिंथ येथील मंडळीस तान्ह्या लेंकरांची उपमा दिली आणि त्यांस अन्न पचेना म्हणून दूध पाजावें लागलें, असें कळविलें. एखादा समाज दूध सोडून अन्नाकडे कसा वळतो, हें इतिहासांत क्वचितच स्पष्ट दिसतें. मराठी भाषेच्या सुदैवानें असा एक प्रसंग लिहून ठेवलेला आहे. तो गोव्यांतील सासष्टी प्रांताचा आहे. म्हणून भोर-वेल्ह्याच्या वाचकांनीं तो परका मानूं नये. ज्या ओवीवर आपल्या मावळांतील आयाबायांनीं पिढ्यान्‌पिढ्या पहांटेचें दळण दळलें, तिच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ग्रंथांतील ओवीची, ही हकीकत आहे. आणि ती घडली तेव्हां तोरणा किल्ला शिवछत्रपतींच्या हातीं येण्यास अजून तीस वर्षांचा अवकाश होता.

सासष्टींत ख्रिस्ती धर्म शिरला तो केवळ उपदेशाच्या वाटेनें शिरला नाहीं, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. १५६७ सालीं तेथील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें, अकबर बादशहाच्या दरबारांत राहून नुकतेच परतलेले फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघी सोबती ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीज सरकारनें गांवच्या मुखत्यारांस ठार केलें. दोन्ही बाजूंचें रक्त ज्या मातींत सांडलें, त्या मातींत श्रद्धेचें रोप मूळ धरील, असें त्या वेळीं कोणी छातीठोकपणें सांगूं शकला नसता. तलवारीच्या सावलींत मान लवविणें निराळें आणि मनानें देवाजवळ जाणें निराळें. धर्मान्तरितांची संख्या मोजणाऱ्या तत्कालीन अहवालांत हा भेद आढळत नाहीं, हें खेदानें म्हणावें लागतें.

कुंकळ्ळीच्या त्या पांच धर्मवीरांचीं प्रेतें मिळवून त्यांचें दफन करण्यांत ज्याचा हात होता, तो फादर थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज होय. त्याचा जन्म १५४९ सालचा, विल्टशायर परगण्यांतील. स्वदेशीं कॅथलिकांचा छळ चालला असतां तो रोमला गेला, १५७५ मध्यें येशूसंघांत दाखल झाला, आणि १५७९ च्या २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरला. तेथून पुढें मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, चाळीस वर्षें त्यानें बहुतांशीं सासष्टींतच काढलीं. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असें त्यानें १५८३ मध्येंच आपल्या भावास लिहिलें. ही गोष्ट सर विल्यम जोन्सनें जगास सांगितली ती दोनशे वर्षांनंतर. पण स्टीफन्सचें भाषेवरील प्रेम पंडिताचें नव्हतें. तें शेजाऱ्याचें होतें.

आतां मूळ प्रसंगाकडे येऊं. स्टीफन्सनें आपल्या पुराणाच्या आरंभींच तो वर्णिला आहे. रविवारीं संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर धर्मशिक्षणाचा वर्ग चालला असतां, नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठला आणि त्यानें पाद्रीस नम्रपणें विचारलें. प्रश्नाचा आशय असा: आपण आम्हांस शिकवितां तें उत्तमच आहे, पण आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें एखादें पुराण आम्हांस कां देत नाहीं? दिवस कशांत घालवावा, मन कशांत रमवावें?

या प्रश्नाचें मोल फार आहे. लेंकरूं भुकेनें रडतें, पण आपल्याला काय हवें तें त्याला सांगतां येत नाहीं. हा मनुष्य नेमकें सांगत होता. प्रश्नोत्तरें पाठ करून त्याचें समाधान होईना. त्याला कथा हवी होती, ऐकतां ऐकतां डोळे भरून येतील असे शब्द हवे होते, घरीं बायकामुलांत बसून वाचावयास ग्रंथ हवा होता. शिवाय त्या विनवणींत एक तक्रारही होती, आणि ती रास्त होती: तुम्ही आमचें घर रिकामें केलेंत, तें भरून द्या. आपल्या गुरूपाशीं असें बोलण्याचें धैर्य ज्या शिष्यास झालें, तो पाळण्यांतून उतरला होता, असें मी समजतों. गुरूचा मोठेपणा असा कीं त्यानें या प्रश्नास उद्धटपणा मानलें नाहीं. त्याचें उत्तर देण्यांत त्यानें आयुष्याचीं वर्षें खर्चिलीं.

तें उत्तर म्हणजे १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें ‘ख्रिस्तपुराण’. त्याचे भाग दोन. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या काळापर्यंतची कथा, दुसऱ्यांत प्रभूचा जन्म, कार्य, दुःखसहन व पुनरुत्थान. एकूण सुमारें अकरा हजार ओंव्या. एकनाथमहाराजांस जाऊन तेव्हां सतरा वर्षें झालीं होतीं, आणि त्यांच्या भागवतानें ओवीस जो घाट दिला, त्याच घाटांत हा परदेशी पाद्री लिहीत होता. स्वर्गास त्यानें वैकुंठ म्हटलें. लोकांस समजावें म्हणून मराठींत कोंकणीचे शब्द मिसळले, आणि जेथें दुसरा उपाय दिसला नाहीं तेथें पोर्तुगीज शब्दही राहूं दिले. मराठीची त्यानें केलेली स्तुति पाठ्यपुस्तकांतून आपण सर्वांनीं वाचलेली आहे; ती ज्या ग्रंथांत आली तो ग्रंथ मात्र फारच थोड्यांनीं उघडून पाहिला असेल.

स्टीफन्सची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. या देशच्या भाषेंतील पुस्तकें या देशच्याच लिपींत छापलीं जावीं, अशी विनंति त्यानें १६०८ मध्यें येशूसंघाच्या श्रेष्ठींस केली होती. अडचण खिळ्यांची होती: युरोपच्या चोवीस अक्षरांच्या जागीं येथें सुमारें सहाशें सांचे लागत. तें साधलें नाहीं, आणि पुराण रोमन अक्षरांतच निघालें. १६४९ व १६५४ या वर्षीं तें पुन्हां छापलें. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. पुढें १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयनें देशभाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी, असा हुकूम काढला. ज्या भाषेंत लोक प्रौढ झाले तीच टाकण्याची ही आज्ञा होती! हुकूम लोकांच्या जिभेपर्यंत पोंचला नाहीं. परंतु पुराण छापखान्यांतून हद्दपार झालें, तें हातांनीं उतरून काढलेल्या पोथ्यांतच उरलें.

अशा पोथ्या गोव्यांतून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांबरोबर मंगळूर प्रांतांत पोंचल्या. १७८४ सालीं टिपू सुलतानानें तेथील ख्रिस्ती कुटुंबें धरून श्रीरंगपट्टणास नेलीं; धर्मगुरूंस हद्दपार केलें, ख्रिस्तमंदिरें पाडलीं. १७९९ मध्यें टिपूचा पाडाव होईपर्यंत पंधरा वर्षें हे लोक बंदींत होते. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्याच्या उशाशीं पाद्री नाहीं. त्या काळांत पुराणाच्या ओंव्यांनीं त्यांस धीर दिला, असें मंगळूरकडील परंपरा सांगते. परंपरेंतील अक्षर न्‌ अक्षर खरें असेलच असें नाहीं. पण सुटून आल्यावर त्यांनीं आपला धर्म पुन्हां उभारला, हें इतिहासानें सिद्ध आहे, आणि कोणत्या तरी शिदोरीवांचून पंधरा वर्षें चालवत नाहीं. आषाढांत ओढेनाले दुथडी भरून वाटा बंद झाल्या म्हणजे डोंगरांतल्या वाडीवरचें घर आपल्याच कणगींतल्या धान्यावर कसें निभावतें, हें वेल्ह्याकडील माणसास निराळें सांगावयास नको.

मंगळूरकडे जपलेल्या या पोथ्यांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं पुराणाची आवृत्ति काढली. तीही रोमन अक्षरांतच. त्यानंतर लंडन येथें, विल्यम मार्सडेनच्या संग्रहांत, नागरी लिपींतील एक पोथी असल्याचें जस्टिन ॲबट यांच्या नजरेस आलें. शेवटीं १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेलें ‘ख्रिस्तपुराण’ नागरी अक्षरांत छापून प्रसिद्ध झालें. स्टीफन्सनें ज्या खिळ्यांसाठीं पत्र लिहिलें, ते त्याच्या पुराणास साडेतीनशें वर्षांनीं लाभले, आणि तेही आपल्या पुण्यांतल्या छापखान्यांत.