सहलीचा इतिहास लिहिता येतो का? एल युंकेचं उदाहरण

संशोधनासाठी विषय शोधताना आपली नजर मोठ्या गोष्टींकडे जाते. युद्धं, चळवळी, कायदे. कुटुंबाच्या एका दिवसाच्या सहलीवर प्रबंध होईल असं कुणाला वाटत नाही. पण एक साधा प्रश्न विचारून बघा: सकाळी डबे घेऊन निघायचं, धबधब्यात भिजायचं आणि अंधाराच्या आत घरी यायचं, हे कधीपासून शक्य झालं आणि कुणाच्या श्रमामुळे?

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरचं एल युंके घेऊ. राजधानी सान हुआनपासून पूर्वेला साधारण 40 किलोमीटरवर हे डोंगर आहेत. घनदाट वर्षावन, ला कोका आणि ला मिना हे धबधबे, वर चढून बघायला मनोरे. लोक मुलाबाळांसह गाडीने येतात. बघणाऱ्याला वाटतं, हे जंगल पहिल्यापासून असंच असणार.

आता कालक्रम लावू. 1876 मध्ये स्पेनच्या राजाने इथलं जंगल राखीव केलं. 1898 मध्ये बेट अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि 1903 मध्ये अमेरिकेनेही राखीव जंगल जाहीर केलं. तेव्हा मुख्य चिंता लाकडाची आणि पाण्याची होती. घरच्यांनी येऊन जेवावं, पोहावं, अशी सोय नंतरची.

ती झाली 1930 च्या दशकात. 1928 आणि 1932 च्या चक्रीवादळांनी बेटावरच्या कॉफीची वाट लावली होती, त्यात जागतिक मंदी. बेरोजगारांना काम देण्यासाठी अमेरिकेत 1933 ते 1942 या काळात ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ ही योजना चालली. तिच्यातल्या स्थानिक माणसांनी इथे रस्ते, पायवाटा, पोहण्याचं कुंड आणि माउंट ब्रिटनचा दगडी मनोरा बांधला. म्हणजे आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखंच काहीसं. त्याच सुमारास वनखातं आजूबाजूच्या पडीक शेतजमिनी विकत घेऊन तिथे झाडं लावत होतं. थोडक्यात, ज्या दशकात डोंगरातली शेती मागे हटली, त्याच दशकात सहलीचा रस्ता वर चढला.

मग त्या शेतकऱ्यांचा पुरावा कुठे शोधायचा? इथे गंमत आहे. 1936 मध्ये या भागाची विमानातून छायाचित्रं घेतली गेली होती. एल व्हेर्देजवळ परिसंस्थेच्या अभ्यासकांनी 16 हेक्टरच्या तुकड्यातली झाडं एकेक करून मोजली आणि ती माहिती या छायाचित्रांशी ताडून पाहिली. जिथे 1936 मध्ये झाडोरा विरळ होता, म्हणजे तोड किंवा शेती झाली होती, तिथे आजही वेगळ्या जातींची झाडं जास्त आहेत. कमी हात लागलेल्या भागात ताबोनुको हा जुना वृक्ष टिकून आहे. मधल्या काळात, 1989 मध्ये, ह्यूगो चक्रीवादळ येऊन गेलं, तरी हा फरक पुसला गेला नाही.

संशोधनाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. ‘मूळचं जंगल’ असं म्हटलं की तिथे राबलेली माणसं आपोआप गोष्टीबाहेर जातात: शेत कसणारेही आणि रस्ता बांधणारेही. आपलं काम त्यांना परत गोष्टीत आणण्याचं. त्यासाठी फक्त सरकारी कागद पुरत नाहीत. छायाचित्र, रस्त्याचा नकाशा आणि झाडांची यादी ही सुद्धा साधनंच.

रस्ता कायमचा असतो असंही नाही. एल युंकेतून आरपार जाणारा 191 क्रमांकाचा मार्ग 1970 च्या दशकात दरडी कोसळून दक्षिणेकडे बंद झाला आणि तो सलग पुन्हा सुरू झालाच नाही. त्यामुळे मुख्य धबधब्यांकडे येणारी वर्दळ उत्तरेकडूनच राहिली.

आपल्याकडे सुरुवात करायची तर आंबोली घ्या. तो घाटरस्ता वेंगुर्ले बंदर आणि बेळगाव जोडण्यासाठी झाला, धबधब्यासाठी नाही. मग तिथे सहली कधी सुरू झाल्या, आणि त्याआधी त्या वाटेने कोण, काय घेऊन जात होतं? आराखड्याचं पहिलं पान इथूनच लिहायला घ्या.