आडव्या वाऱ्याचा पल्ला

गेल्या फाल्गुनातल्या अष्टमीला, दुपारी तीनच्या सुमाराला, डोंबिवली पश्चिमेच्या मोठागाव रेतीबंदरावरून मी माझी फळी उल्हास खाडीत सोडली. तिथी आणि वेळ दोन्ही आबांच्या हिशोबाने ठरवलेल्या. आबा म्हणजे माझे आजोबा, रेतीच्या मचव्यावर तांडेल होते. कल्याण, मोठागाव, मुंब्रा, ठाणे हा त्यांचा रोजचा पट्टा. भरतीची वेळ काढायला त्यांना नुसतं कॅलेंडर पुरायचं. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळ्याला हा हिशोब पाठ असतो. ही झाली मुंबईच्या तोंडाची भरती. आत मोठागावला, आणि त्याच्याही पुढे कल्याणला, ती उशिरा पोहोचते. तो उशीर किती, हे आबा मनात धरायचे आणि आम्हाला कधी आकड्यात सांगायचे नाहीत.

फळी म्हणजे विंडसर्फिंगचा स्लालम बोर्ड. घरात सगळे तिला फळीच म्हणतात, कारण गेली बारा वर्षं ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी असते. लांबी २ मीटर ३५ सेंटिमीटर, रुंदी ७१ सेंटिमीटर, फुगवटा ११८ लिटरचा, वजन साडेसात किलो. खाली ४२ सेंटिमीटरचं फिन, वर साडेसात चौरस मीटरचं शीड. सुकाणू नाही. सुकाणूशिवाय शिडाची वस्तू वळते कशी, हे आबांना सांगावं असं मला कितीदा वाटतं, पण मी शिकण्याआधीच ते गेले होते. डोलकाठी फळीला पक्की ठोकलेली नसते, सगळ्या बाजूंना कलणाऱ्या सांध्यावर ती उभी असते. शीड पुढे झुकवलं की नाळ, म्हणजे फळीचं पुढचं टोक, वाऱ्यापासून दूर जाते, मागे झुकवलं की वाऱ्याकडे येते. १९६८ साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक या विमान-अभियंत्याने आणि हॉयल श्वाइत्झरने या सांध्याच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला, आणि तिथून हा खेळ जगभर पसरला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आला.

मी अडतिसाव्या वर्षी गिरगाव चौपाटीच्या पाण्यात शिकलो. सहा वर्षं मोठ्या, शांत, शिकाऊ फळीवर काढली आणि मग ही जुनी स्लालम विकत घेतली. ती शर्यतीसाठी बनलेली आहे आणि हौशी माणसाशी फार मायेने वागत नाही. मागचा भाग रुंद आणि तळ जवळजवळ सपाट, त्यामुळे वारा १२ नॉट झाला, म्हणजे ताशी २२ किलोमीटरच्या आसपास गेला, की ती पाणी कापणं सोडून पाण्यावर चढते. तो क्षण मला आजही नवा वाटतो. तळाखालचा खळखळाट थांबतो, एक कोरडा, सरसर आवाज येतो, आणि किनाऱ्यावरची माणसं मागे पळायला लागतात. पण पायपट्टे अगदी कडेला बसवलेले असतात. त्यांत पाय घालायचे तर अंग पूर्ण पाण्यावर बाहेर टाकावं लागतं, कमरेच्या पट्ट्याचा हुक दोरीत अडकवून सगळं वजन शिडाला द्यावं लागतं. अर्ध्या मनाने तिच्यावर उभं राहिलं की ती डुगडुगते. लाटा आखूड आणि उभ्या असतील तर गुडघे बोलायला लागतात. तिला हवं सपाट पाणी, न तुटणारा वारा, आणि तो वारा बाजूने किंवा बाजूच्या थोडा मागून आलेला. आडव्या वाऱ्याचा लांब पल्ला मिळाला की तिच्याइतकी आनंदी वस्तू मी पाहिलेली नाही.

असा पल्ला आपल्या दारात आहे, हे नकाशा पाहताना लक्षात आलं. उल्हास नदी कल्याण सोडते आणि मोठागाव, कोपरवरून नैऋत्येला मुंब्र्याकडे येते. पारसिकच्या डोंगराला अडून ती वायव्येला वळते आणि कळवा-ठाण्यापाशी येते. तिथे एक फाटा दक्षिणेला ठाण्याची खाडी होऊन मुंबई बंदराकडे जातो, मुख्य पाणी कोलशेत, घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळतं. आता यावर दुपारचा खारा वारा ठेवून पाहा. फाल्गुन-चैत्रात तो पश्चिम-वायव्येकडून येतो. ठाण्याहून मुंब्र्याकडे जाताना तो पाठीशी, आणि मुंब्र्याचं वळण घेऊन डोंबिवली-कल्याणकडे निघालं की नेमका आडवा. कुठलंही शिडाचं गलबत आडव्या वाऱ्यावरच सगळ्यात सुखाने चालतं. रात्र सरताना वारा उलटतो. मतलई वारा घाटाकडून समुद्राकडे सुटतो, आणि कल्याणचं भरलेलं गलबत ओहोटी धरून पहाटे खाली येऊ शकतं.

कल्याण बंदर का झालं, याची कारणं इतिहासाची पुस्तकं सांगतात: भरतीचं पाणी देशाच्या बाजूला सगळ्यात आत जिथवर पोहोचतं ती ही जागा, आणि नाणेघाट, बोरघाट, थळघाटाच्या वाटा इथेच उतरतात. ते खरंच आहे. मला त्यात वाऱ्याची भर घालायची आहे. चढायला दुपारचा वारा आणि भरती, उतरायला पहाटेचा वारा आणि ओहोटी, अशी जाण्यायेण्याची दोन्ही अंगं निसर्गानेच बांधून दिलेली नदी व्यापाऱ्याला मिळाली, तर तो तिथे वखार घालणारच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हे बंदर ‘कल्लिएना’ म्हणून येतं. तेव्हाच्या सत्तास्पर्धेत इथे उतरणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी नोंद त्यात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानशूरांची नावं कोरलेली आहेत. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस कल्याणहून तांबं, कापड आणि शिसवाचे ओंडके बाहेर जात असल्याचं लिहितो. त्या ओंडक्यांपाशी मी नेहमी थांबतो. लाकूड जिथे उतरतं तिथे सुतार येतो, आणि खाडीकाठच्या सुताराला कधी ना कधी होडी बांधायला सांगितलं जातंच.

२४ ऑक्टोबर १६५७ ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीच्या काठावर दुर्गाडी किल्ला उभा राहिला. १६५९ मधल्या पोर्तुगीज पत्रांत कल्याण, भिवंडी आणि पनवेलला लढाऊ नौका बांधल्या जात असल्याची काळजी दिसते. रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा या कामावर होते, त्यांच्याबरोबरच्या माणसांचा ३४० हा आकडा सांगतात. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना समजावून काढून नेलं, तरी आरमार थांबलं नाही. मला यातली खरी अडचण पाण्याची वाटते. कल्याणला बांधलेली नौका समुद्रात काढायची तर दोनच तोंडं, एक वसईचं आणि एक ठाण्याचं, आणि दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात. स्वतःच्या गोदीतून स्वतःच्या नौका बाहेर काढताना दुसऱ्याचा दरवाजा ओलांडायचा! शत्रू दंडा-राजपुरीचा सिद्दी आहे, असं पोर्तुगीजांना सांगितलं गेलं, ते या दरवाजासाठीच. पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ ला ठाणं आणि १७३९ ला वसई मराठ्यांकडे आली तेव्हा दोन्ही तोंडं मोकळी झाली.

त्या नौका चालत कशा? अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने मराठी आरमाराच्या गलबताचं वर्णन केलं आहे, आणि फळीवर उभं राहिलेल्या माणसाला ते वाचताना अंगावर काटा येतो. मोठ्यातलं मोठं गलबत ७० टनांचं. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी हलकी. पुढच्या काठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड, इतकं की चढवल्यावर त्याचं टोक काठीच्याही वर जाई. शिवाय चाळीस-पन्नास वल्ही, आणि नुसत्या वल्ह्यांवर ताशी चार मैलांचा वेग. गुराबा, म्हणजे त्याच आरमारातल्या मोठ्या नौका, रुंद, कमी पाण्यात चालणाऱ्या. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या जहाजामागे नेत, जिथे त्याच्या तोफा पोहोचत नाहीत. उंच टोकाचं शीड कशासाठी, हे मला ठाण्याच्या खाडीकडे पाहिल्यावर कळलं. काठावर तिवरं आणि टेकड्या, पाण्यालगत वारा मेलेला, वर मात्र तो वाहता. शिडाचा शेंडा त्या वरच्या वाऱ्यात खुपसायचा. आणि तोही संपला तर वल्ही. खाडीत जन्मलेली नौका वाऱ्यावर कधीच पूर्ण विश्वास ठेवत नाही.

आबांचा मचवा त्याच घराण्यातला, फक्त गरीब. तिरक्या काठीवरचं एक शीड, लांब बांबू आणि चार माणसं. डुबी मारणारे खलाशी बादली घेऊन तळाशी जात, रेती वर आणत, आणि मचवा काठापर्यंत पाण्यात बसला की भरतीची वाट बघत. दहा मीटरची होडी पाणी कापत जाते तेव्हा तिचा वेग, कितीही वारा दिला तरी, पावणेआठ नॉटच्या आसपास अडतो, कारण तिनेच उठवलेली लाट तिच्यापुढे भिंत होऊन उभी राहते. रेती भरलेला मचवा त्याच्या निम्म्यालाही जात नसे. फळी ही भिंत चढून पलीकडे जाते म्हणून वेगवान. मचव्याला चढायचं नव्हतंच, त्याला ओझं न्यायचं होतं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी आली, १ मे १८५४ ला ती कल्याणला पोहोचली, ठाण्याची खाडी पुलावरून ओलांडून. आजही कळव्यानंतर धीम्या गाडीतून डावीकडे पाहिलं तर रूळ आणि खाडी कितीतरी वेळ हातात हात घालून चालतात. गाडीला तिथी लागत नाही. मोठा माल तिने उचलला. शिडांकडे गवत, मीठ, विटा, कौलं आणि रेती उरली, आणि या वस्तूंनीच ती आणखी शंभर वर्षं उभी ठेवली. डोंबिवली-ठाण्याच्या कितीतरी जुन्या चाळींच्या भिंतींत भरतीने आणलेली रेती आहे. आबांच्या मचव्यावर इंजिन बसलं तेव्हा माझे वडील शाळेत होते. शिडाचं कापड आजीने कापून पापड वाळवायला घेतलं, ते कापड मी पाहिलं आहे.

त्या अष्टमीला माझी फळी एकदाही चढली नाही. वारा आडवाच होता, हिशोब चुकला नव्हता. पण काठावरच्या इमारतींनी त्याचे तुकडे केले होते. एक झुळूक आली की मी पायपट्टा शोधायचो, पाय आत जाईपर्यंत ती संपायची. दोनदा फिनला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, एकदा ते चिखलात रुतलं आणि मी शिडासकट पुढे फेकलो गेलो. पाण्याला वास होता. आबा याच पाण्याने चूळ भरायचे, हे आठवून मला खूप वाईट वाटलं. सोबतीला आलेले काका त्यांच्या होडीत इंजिन बंद करून बसले होते. पाऊण तासाने ते म्हणाले, “अरे, तू वाऱ्यामागं का लागलास? पाणी बघ की.”

पाणी वर चाललं होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की पडत-उठत मी मोठागावपासून बराच पुढे आलो आहे. मी पायपट्ट्यांचा नाद सोडला, डोलकाठीजवळ फळीच्या मधोमध उभा राहिलो आणि शीड सैल धरलं. अशा चालीत स्लालम फळी अवघडते, नाळ इकडेतिकडे करते, प्रत्येक पावलाला हलते. तरीही गेलो. उलट्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, दुपारी ओहोटी आणि तिच्या समोरून तिरका वारा असता तर पाणी उभं राहिलं असतं, शिडाला वारा जास्त लागला असता आणि मी खाली मुंब्र्याकडे वाहत गेलो असतो. आबा पौर्णिमेला दुपारी झोपा का काढायचे, हे तेव्हा समजलं.

दिवेलागणीला दुर्गाडीचा बुरूज दिसला. गणेश घाटाशी काकांनी दोरी टाकली. घाटाच्या पायऱ्यांवर पाणी अजून चढत होतं. मी ओल्या कपड्यांनी तिथेच बसून राहिलो आणि एका पायरीच्या कडेवर नजर ठेवली. ती कड बुडाली, पुढची कोरडी राहिली, पाणी थांबलं. काकांकडून पेन मागून घेतलं आणि ती वेळ हातावर लिहिली. घरी येऊन कॅलेंडरच्या त्या चौकोनात उतरवली, त्यातून सहा वजा करून.