वय, कौशल्य आणि संगणक-उद्योग : आयबीएमच्या इतिहासातील एक प्रश्न

संगणक-उद्योगातून वयस्क कर्मचाऱ्यांस कमी केले जाते तेव्हा त्याचे कारण बहुधा एकच देण्यात येते : तंत्र बदलले आणि जुन्या माणसांस नवे तंत्र अवगत नाही. हे कारण इतके स्वाभाविक वाटते की त्याची ऐतिहासिक छाननी क्वचितच होते. अमेरिकेतील इंटरनॅशनल बिझिनेस मशिन्स उर्फ आयबीएम या कंपनीचा इतिहास अशा छाननीस विशेष उपयोगी आहे. एकाच संस्थेत तंत्राची अनेक स्थित्यंतरे घडली. परंतु कर्मचाऱ्यांच्या वाट्यास प्रत्येक वेळी तेच फळ आले नाही.

प्रथम कायद्याची पार्श्वभूमी पाहू. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील वंश, धर्म, लिंग इत्यादींवर आधारलेला भेद निषिद्ध ठरविला. वयाचा अंतर्भाव त्यात नव्हता. त्या कायद्यान्वये मजूरमंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी १९६५ मध्ये एक अहवाल सादर केला. खाजगी क्षेत्रात दरवर्षी निघणाऱ्या जागांपैकी सुमारे निम्म्या जागा ५५ वर्षांवरील, तर सुमारे पाव जागा ४५ वर्षांवरील उमेदवारांस बंद होत्या, असे त्यात नमूद आहे. या भेदाचे मूळ द्वेषात नसून वयाबरोबर कार्यक्षमता घटते या अपरीक्षित गृहीतात आहे, हा अहवालाचा मुख्य निष्कर्ष होय. त्यातूनच १९६७ चा कायदा झाला. त्याचे संरक्षण आरंभी ४० ते ६५ या वयोगटापुरते होते; १९८६ मध्ये वरची मर्यादा बहुतांशी काढण्यात आली.

आता आयबीएमकडे वळू. जागतिक मंदीच्या काळात थोरल्या वॉटसन यांनी कारखाने चालू ठेविले आणि माल साठविला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यामुळे त्या यंत्रांस मोठी मागणी आली. कर्मचारी-कपात न करण्याचे धोरण पुढे अनेक दशके टिकले. पंच-कार्डाची यंत्रे मागे पडून इलेक्ट्रॉनिक संगणक आले, १९६४ मध्ये 'सिस्टिम/३६०' ही मालिका जाहीर झाली. हे स्थित्यंतर लहान नव्हते. तथापि कंपनीने आपल्या माणसांस पुन्हा शिकविण्याचा मार्ग पत्करला. १९९३ मध्ये सुमारे ८ अब्ज डॉलरचा तोटा झाला, आणि त्या सुमारास हे धोरण संपुष्टात आले.

पुढील अध्याय अधिक बोलका आहे. सामूहिक कपातीत वयभेदाचा दावा सोडून देण्याची अट घालावयाची झाल्यास, काढलेल्या व ठेविलेल्या कर्मचाऱ्यांची पदे आणि वये कळविणे १९९० च्या कायद्याने आवश्यक केले. आयबीएमने २०१४ पासून ही माहिती देणे थांबविले. दावा सोडण्याऐवजी तो खाजगी लवादापुढे एकेकट्याने मांडावा, अशी अट तिने घातली. परिणामी व्यक्तीची तक्रार उरली, पण समूहाचे चित्र दिसेनासे झाले. समान रोजगार संधी आयोगाने २०२० मध्ये असा निष्कर्ष काढला की, २०१३ ते २०१८ या काळात वयस्कांविरुद्ध भेदभाव झाला असे मानण्यास सबळ कारण आहे. २०२२ मध्ये न्यायालयीन कामकाजातून खुल्या झालेल्या कागदपत्रांत अशा कर्मचाऱ्यांचा उल्लेख 'डायनोबेबी' असा आढळतो.

कंपनीने पद्धतशीर भेदभावाचा आरोप नाकारला आहे. आपल्या अमेरिकेतील कर्मचाऱ्यांचे मध्यक वय २०१० व २०२० या दोन्ही वर्षी ४८ च होते, असे तिचे म्हणणे आहे. आयोगाचा निष्कर्ष हा न्यायालयाचा निवाडा नव्हे, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. शिवाय १९६४ ची आयबीएम विस्तारत होती. २०१२ ते २०१७ या काळात मात्र तिचे उत्पन्न सलग २२ तिमाह्या घटत होते. दोन काळांची तुलना करताना हा फरक दुर्लक्षून चालणार नाही.

परंतु या फरकातूनच मूळ प्रश्नाचे उत्तर सूचित होते. पहिल्या काळी माणसे शिकू शकत होती आणि दुसऱ्या काळी ती शक्ती नाहीशी झाली, असे मानण्यास आधार नाही. शिकविण्याचा खर्च कोणी सोसावा, याविषयीचा निर्णय बदलला. तंत्राचा बदल ही परिस्थिती होय; वयावरून माणूस वगळणे ही निवड होय. विर्ट्झ यांनी दाखविलेले गृहीत त्या निवडीस सोयीचे समर्थन पुरविते. आणि ज्या उद्योगात वयांची यादीच प्रसिद्ध होत नाही, तेथे ते गृहीत तपासण्याचे साधन कर्मचाऱ्याच्या हाती राहत नाही, तसे इतिहासकाराच्याही हाती राहत नाही.