तळटीप १२ : 'दुर्योधन'

१२. मोरगावच्या (ता. बारामती) मुक्कामात टीव्हीवर पाहिलेला 'दुर्योधन' म्हणजे 'ऑपरेशन दुर्योधन', अनिरुद्ध बहल यांच्या 'कोब्रापोस्ट'ने केलेली छुप्या कॅमेऱ्याची शोधमोहीम. 'आज तक' वाहिनीने ती १२ डिसेंबर २००५ रोजी दाखवली. लघुउद्योजकांच्या एका बनावट संघटनेच्या नावाने सुहासिनी राज आणि सहकाऱ्यांनी खासदारांना गाठले आणि संसदेत प्रश्न विचारण्यासाठी ते रोख रक्कम घेत असताना चित्रण केले. रकमा काही हजारांपासून लाखाच्या आसपास होत्या. त्या किरकोळ वाटतात म्हणून प्रकरण किरकोळ ठरत नाही. सभागृहातला प्रश्न मतदारांचा असतो आणि इथे तोच विकला गेला. लेखक ज्यांना 'आपल्याकडचे दोघे' म्हणतो ते वाय. जी. महाजन (जळगाव) आणि अण्णासाहेब एम. के. पाटील (एरंडोल).

बहल मूळचे छापील पत्रकारितेतले. 'तहलका'त असताना त्यांनी मॅथ्यू सॅम्युएल यांच्यासह संरक्षण खरेदीतील लाचखोरी उघड केली (मार्च २००१). त्यानंतर भाजपचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण आणि संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना पद सोडावे लागले. बातमीसाठी वेषांतर करावे का, हा वाद तेव्हापासूनचा. प्रस्तुत संपादकाच्या मते, जिथे कागद बोलत नाहीत तिथे ही पद्धत समर्थनीय आहे.

'दुर्योधन' प्रकरणात लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याची २३ डिसेंबर २००५ रोजी हकालपट्टी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती १० जानेवारी २००७ रोजी वैध ठरवली.